पान पिवळे का पडते?

(कुंडीतील फळझाडाची पाने पिवळी पडू लागली, की आपण घाईने पाणी किंवा खत घालतो. त्यामुळे कधी कधी वाचू शकणारे झाडही मरते. पिवळेपणाचे खरे कारण कसे शोधावे, हे या पाठात लिंबाच्या रोपाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.)



आपल्या पालममधल्या एखाद्या गल्लीतून सहज एक फेरी मारा. कोणाच्या अंगणात, कोणाच्या ओट्यावर, तर कोणाच्या गच्चीवर एखादे फळझाड कुंडीत लावलेले दिसेल. कुंडी नसेल तर तेलाचा रिकामा डबा असेल किंवा काठ फुटलेला जुना माठ असेल. पेरू, डाळिंब, अंजीर अशी झाडे लोक लावतात. पण लिंबाची आवड अधिक. जेवणाच्या ताटात लिंबाची फोड हवी, उन्हाळ्यात सरबत हवे आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी तर लिंबू हवेच.

रोप आणल्यावर काही महिने ते छान वाढते. मग एक दिवस लक्षात येते, की त्याची पाने पिवळी पडत आहेत. लगेच घरात सल्ल्यांना सुरुवात होते. आजी म्हणते, "पाणी कमी पडतंय." शेजारचे काका म्हणतात, "मूठभर युरिया टाका." दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. एकाच दिवशी हे तिन्ही उपाय केले, तर रोप सुधारण्याऐवजी वाळून जाण्याचीच भीती अधिक. यांतला कोणताही सल्ला मुळात खोटा नाही. पण तो कोणत्या दुखण्यावरचा आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

बियांपासून वाढवलेल्या कागदी लिंबाला फळे यायला साधारण चार-पाच वर्षे लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी रोप मेले, तर आपली तीन वर्षांची मेहनत आणि उन्हाळ्यात घातलेले कितीतरी हंडे पाणी वाया जाते. म्हणून उपाय करण्यापूर्वी थोडा विचार करणे आवश्यक आहे.

तुम्हांला ताप आला, की डॉक्टर लगेच इंजेक्शन देत नाहीत. ते जीभ पाहतात, नाडी पाहतात, पोट दाबून पाहतात आणि प्रश्न विचारतात. कारण ताप हा स्वतः रोग नाही, तर आत काही बिघडल्याची खूण आहे. मलेरियाचा ताप वेगळा आणि घसा सुजल्याने आलेला ताप वेगळा. पानाचा पिवळेपणाही तसाच आहे. तो रोग नसून लक्षण आहे. लक्षणावरून कारण ओळखण्याला मराठीत 'निदान' म्हणतात. उर्दूत यालाच आपण 'तशखीस' म्हणतो.

झाडांचे निदान करण्याची विद्या फार जुनी आहे. बाराव्या शतकात स्पेनमधील इशबीलिया, म्हणजे आजच्या सेव्हिल, येथे इब्नुल अव्वाम नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी शेतीवर 'किताबुल फलाहा' हा मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यात पन्नासहून अधिक फळझाडांची लागवड सांगितली आहे. झाडांच्या रोगांची लक्षणे आणि त्यांवरचे उपायही दिले आहेत. आज आपल्याजवळ प्रयोगशाळा आहेत, पण निदानाची सुरुवात अजूनही डोळ्यांनीच होते.

हिरवा रंग कोठून येतो?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या मदतीने हवा आणि पाणी यांपासून झाडाचे अन्न तयार करते. पानात पिवळी द्रव्येही असतात. पण हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात. हरितद्रव्य कमी झाले, की तो झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पान पिवळे होते, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यात नवीन रंग आलेला नसतो. त्याचा हिरवा रंग गेलेला असतो.

हरितद्रव्य तयार व्हायला नत्र लागते आणि मॅग्नेशियम लागते. मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी असते. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांना १९१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हरितद्रव्यातील मॅग्नेशियमचे स्थान त्यांच्याच कामातून स्पष्ट झाले. लोह हरितद्रव्याच्या कणात नसते. पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयारच होत नाही. स्वयंपाकात चूल भाजीत पडत नाही, पण चुलीशिवाय भाजी शिजतही नाही. लोहाचे तसेच आहे.

हे सर्व पदार्थ मुळे जमिनीतून पाण्याबरोबर घेतात. म्हणून पान पिवळे दिसले, तरी चूक पानात असेलच असे नाही. ती मुळांत असू शकते, मातीत असू शकते किंवा आपण घालतो त्या पाण्यातही असू शकते.

आधी माती पाहा

निदानाची पहिली पायरी पानाकडे पाहण्याची नाही, तर कुंडीतील माती तपासण्याची आहे. कुंडीतील झाडाच्या बाबतीत पाण्याची चूक फार वेळा होते.

मातीत बोट दोन पेरे खोल घाला. माती बोटाला ओली लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नका. कोरडी लागली, तरच घाला. कुंडी उचलता येण्यासारखी असेल, तर उचलून पाहा. पाणी घातल्यानंतर आणि माती सुकल्यानंतर वजनात किती फरक पडतो, हे चार दिवसांत हाताला कळू लागते.

आता लक्षणे पाहू. पाणी कमी पडले, तर पाने आतल्या बाजूला वळतात, निस्तेज होतात, कडेने वाळतात आणि गळतात. पाणी जास्त झाले, तर पाने मलूल होऊन लोंबतात आणि पिवळी पडतात. कधी कधी पानाची मधली शीर आधी पिवळी होते. गंमत अशी, की दोन्ही वेळा झाड तहानलेले दिसते! म्हणूनच माणूस फसतो. पाण्यात बुडालेले झाड तहानलेले समजून तो त्याला आणखी पाणी घालतो.

जास्त पाण्याने झाड तहानलेले का दिसते? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक जागा असतात आणि त्यांत हवा असते. त्या सर्व जागा पाण्याने भरल्या, की मुळांना हवा मिळत नाही. ती गुदमरतात, काळी पडतात आणि कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. मग आजूबाजूला पाणी असूनही पान तहानलेले राहते. अशा कुंडीच्या मातीला आंबूस वास येतो. निरोगी मूळ पांढरट असते. कुजलेल्या मुळाची साल बोटाने सहज निघून येते.

आपल्या भागात हे अधिक घडते. गोदावरीच्या खोऱ्यातील ही काळी माती पाणी धरून ठेवते. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. हीच माती नुसती कुंडीत भरली, तर पावसाळ्यात तिचा चिखल होतो. उन्हाळ्यात ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. छिद्रातून पाणी वाहिले म्हणून आपल्याला वाटते, की झाड पाणी प्याले. पण मुळांजवळची माती कोरडीच राहते. अशा वेळी वरची माती हलक्या हाताने मोकळी करून कडेची फट बुजवावी आणि पाणी थोडे थोडे करून दोन-तीन वेळा घालावे.

कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चांगले. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे भाजतात. तळाला छिद्र हवेच. त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते. तेलाच्या डब्यात रोप लावले असेल, तर आजच डबा तपासा. त्याच्या तळाला छिद्र नसेल, तर पुढे काही वाचण्यापूर्वी ते पाडून घ्या.

जुने पान की नवे पान?

माती ठीक आहे, पाणीही बेताचे आहे, तरी पाने पिवळी पडतात. मग दुसरी पायरी. पिवळेपणा कोठून सुरू झाला, ते पाहा. फांदीच्या खालची, जुनी पाने आधी पिवळी झाली, की शेंड्याची नवी पाने?

हा प्रश्न महत्त्वाचा का आहे, ते समजून घ्या. घरात धान्य कमी असले, तर आई आपल्या ताटातली भाकरी मुलाच्या ताटात ठेवते. झाडही असेच करते. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या शरीरात एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. ते कमी पडले, की झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देते. म्हणून जुनी पाने पिवळी होतात आणि शेंडा काही काळ हिरवा राहतो. लोह आणि जस्त यांचे तसे नाही. ते एकदा पानात गेले, की तेथून सहज हलत नाहीत. ते कमी पडले, तर जुनी पाने हिरवीच राहतात आणि नवी पाने जन्मतःच उपाशी असतात.

आता पानाची नक्षी पाहा.

नत्र कमी असेल, तर जुने पान सगळीकडून सारखे फिकट आणि पिवळे होते. शिराही पिवळ्या होतात. झाडाची वाढ मंदावते. कुंडीत हे वारंवार होते, कारण प्रत्येक वेळी पाण्याबरोबर थोडे नत्र छिद्रातून वाहून जाते. यावर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत थोडे थोडे, पण नियमित द्यावे. मूठभर युरिया एकदम टाकू नये. जास्त खताने पानांची टोके आणि कडा करपतात. तसेच कोरड्या मातीत खत कधीही घालू नये. आधी पाणी, मग खत.

मॅग्नेशियम कमी असेल, तर जुन्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळे डाग पडतात आणि ते एकमेकांत मिसळतात. शेवटी देठाजवळ तेवढा हिरवा त्रिकोण उरतो. त्याचे टोक पानाच्या शेंड्याकडे असते. लिंबाच्या पानावर हा त्रिकोण दिसला, की ओळखायला सोपे जाते.

लोह कमी असेल, तर सर्वांत नवी पाने पिवळी होतात. पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्याची बारीक जाळी विणावी, तसे पान दिसते. फारच कमतरता असेल, तर पान जवळजवळ पांढरे होते.

जस्त कमी असेल, तर नवी पाने लहान आणि अरुंद राहतात, शेंड्याला दाटीने येतात आणि शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे पडतात.

लोह आहे, पण मिळत नाही

आपल्याकडे लिंबाच्या शेंड्याची पाने पिवळी पडतात, तेव्हा पुष्कळदा कारण लोहाचे असते. तुम्ही म्हणाल, मातीत लोह नाही का? आहे, भरपूर आहे. पण ते कुलूप लावलेल्या पेटीतील धान्यासारखे आहे.

मराठवाड्याच्या अनेक जमिनींत चुनखडी असते. शेतात पांढरे खडे दिसतात, तीच चुनखडी. चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. जे विरघळत नाही, ते मुळांना घेता येत नाही. शिवाय आपण कुंडीला घालतो ते बोअरचे पाणीही अनेक ठिकाणी जड असते. त्यात क्षार असतात. ज्या भांड्यात रोज पाणी तापवता, त्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना? तोच थर हळूहळू कुंडीच्या मातीवर आणि कडेला बसतो. पाणी वाफ होऊन उडून जाते आणि चुना मागे राहतो. वर्षभर असे पाणी घातले, की चांगली मातीही चुनखडीची होते.

तुमच्या कुंडीत चुना आहे का, हे पाहायचे असेल तर चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर सिरक्याचे चार थेंब टाका. माती फसफसली आणि बुडबुडे आले, तर तिच्यात चुना पुष्कळ आहे.

यावर उपाय काय? पहिला उपाय फुकटचा आहे. पावसाळ्यात पन्हाळीखाली टाकी किंवा पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवा. त्यात चुना जवळजवळ नसतो. साठवणीवर झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. दुसरा उपाय हिराकशीचा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. उर्दूत त्याला हीरा कसीस म्हणतात. चुनखडीच्या मातीत हिराकस टाकली, तर तिच्यातील लोहालाही लवकरच कुलूप लागते. म्हणून ती पाण्यात विरघळवून पानांवर फवारतात. एक लिटर पाण्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये आणि फवारणी सायंकाळी, ऊन उतरल्यावर करावी. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. हात धुवा, डोळे सांभाळा आणि हिराकशीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

हा उपाय पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या वेली अशाच पिवळ्या पडत. १८४३-४४ च्या सुमारास युझेब ग्रिस या शास्त्रज्ञाने अशा झाडांना लोहाचे क्षार दिले आणि पाने पुन्हा हिरवी होतात, हे दाखवून दिले.

दोन्ही अर्धे सारखे आहेत का?

तिसरी पायरी. पिवळे पान हातात घ्या आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. अन्नद्रव्य कमी असेल, तर नक्षी दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते. डावा अर्धा एका तऱ्हेचा आणि उजवा अर्धा दुसऱ्या तऱ्हेचा असेल, पिवळे डाग वेडेवाकडे असतील, तर रोगाची शंका घ्यावी. लिंबूवर्गीय झाडांना 'ग्रीनिंग' नावाचा रोग होतो. सिला नावाची बारीक कीड तो पसरवते. हा रोग झालेले झाड बरे करणारे औषध नाही. अशा झाडाला खत घालत राहणे व्यर्थ असते. जाणत्या माणसाला दाखवून ते काढून टाकावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात.

मग पान उलटे करा. कीड बहुधा पानाच्या खालच्या बाजूला लपते. तेथे पांढरी माशी किंवा बारीक कोळी असतील, तर ते पानाचा रस शोषतात आणि पानावर फिकट ठिपके पडतात. पानात नागमोडी, चकचकीत रेषा दिसली, तर ती नागअळी. पानावर खडबडीत, तपकिरी फोड आणि त्यांच्याभोवती पिवळे कडे दिसले, तर तो खैऱ्या रोग. कीड थोडी असेल, तर पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुतली तरी बराच फरक पडतो. खैऱ्या मात्र धुऊन जात नाही. अशी पाने काढून जाळावीत आणि झाडांच्या पानांवर पाणी उडवू नये, कारण हा रोग पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो.

ऊन, थंडी आणि वय

काही वेळा झाडाला काहीच झालेले नसते. लिंबाचे झाड सदाहरित असले, तरी त्याचे प्रत्येक पान कायम टिकत नाही. आतल्या बाजूची चार-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. शेंडा हिरवा आणि जोमदार असेल, तर चिंता करू नका.

थंडीतही काही पाने पिवळी पडतात. परभणी जिल्ह्यात हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. माती थंड झाली, की मुळांचे काम मंदावते. ऊब आली, की झाड पुन्हा हिरवे होते.

मे महिन्यात उलट प्रकार घडतो. रोपवाटिकेच्या सावलीत वाढलेले रोप आपण एकदम गच्चीवरच्या उन्हात ठेवतो. मग उन्हाकडे तोंड असलेली पानेच तेवढी पिवळट-पांढरी होतात आणि करपतात. पत्र्याचा डबा तापून आतली मुळेही होरपळतात. अशा रोपाला दुपारी सावली द्या आणि डब्याभोवती ओले पोते गुंडाळा. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी घाला. टंचाईच्या दिवसांत वजूचे पाणी एका बादलीत धरून ठेवले, तर एक कुंडी सहज जगते. त्यात साबण नसतो, म्हणून ते झाडाला चालते.

एका वेळी एकच उपाय

आता शेवटची आणि सर्वांत कठीण पायरी. ती म्हणजे धीर धरणे. निदान झाल्यावर एकच उपाय करा आणि दोन-तीन आठवडे थांबा. एकदम तीन उपाय केले आणि झाड सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही. झाड बिघडले, तर कशाने बिघडले तेही कळत नाही. वहीत तारीख घाला, काय केले ते लिहा आणि शेंड्याच्या पानाला दोरा बांधून ठेवा. पूर्ण पिवळे झालेले जुने पान पुष्कळदा पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून जुन्या पानाकडे पाहून निराश होऊ नका. दोऱ्याच्या वर जी नवी पाने येतील, त्यांवरून उपाय बरोबर होता की चूक, ते ठरवा.

लोहाची शंका असेल, तर एक सोपा प्रयोग करता येतो. वर सांगितलेल्या हिराकशीच्या पाण्यात साबणाचा एक थेंब मिसळा. शिरा हिरव्या असलेले एक नवे, पिवळे पान निवडा. मऊ कुंचल्याने ते पाणी पानाच्या फक्त अर्ध्या भागाला लावा. उरलेला अर्धा भाग तसाच राहू द्या. आठवडा-दोन आठवड्यांनी लावलेला भाग हिरवा झाला आणि न लावलेला पिवळाच राहिला, तर निदान बरोबर ठरले. काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरे आहे. मग पुन्हा पहिल्या पायरीवर या. तुमच्या चार पैशांच्या हिराकशीने पानालाच प्रश्न विचारला आणि पानाने उत्तर दिले!

कुंडीतून शेताकडे

तुम्हांला वाटेल, एका कुंडीसाठी एवढा खटाटोप कशाला? पण हीच नजर शेतातही उपयोगी पडते. पावसाळ्यात झड लागली, की आपल्याकडे कोवळे सोयाबीन पिवळे पडते. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे चित्र तुम्ही पाहिले असेल. आता ते तुम्हांला ओळखता येईल. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले, की लोह मिळणे आणखी कठीण होते. अशा वेळी आधी शेतात साचलेले पाणी काढून द्यायचे असते. "पिवळे पडले आहे, काहीतरी द्या," असे म्हणून दुकानातून महागडी बाटली आणली, तर ती अनेकदा चुकीच्या दुखण्यावरची असते. पैसे जातात आणि पीकही जाते.

मदत मागण्याची सोयही जवळ आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. घोसाने फळे देणाऱ्या कागदी लिंबाच्या 'प्रमालिनी' आणि 'विक्रम' या जाती याच विद्यापीठाने दिल्या. २०१५ साली सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत मातीच्या १२ गोष्टींची नोंद असते. लोह आणि जस्त यांचाही तीत समावेश आहे. घरी शेती असेल, तर वडिलांना आपल्या शेताच्या पत्रिकेविषयी विचारा आणि त्यातील लोहाचा आकडा स्वतः वाचून पाहा.

झाड लावणे आणि त्याचे फळ माणसांनी व पाखरांनी खाणे हा सदका आहे, हे तुम्ही घरी ऐकले असेल. झाड लावण्याइतकेच ते जगवणेही महत्त्वाचे आहे. झाडाला बोलता येत नाही. पण कोणते पान आधी पिवळे झाले, शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या, माती ओली आहे की कोरडी, हे ते आपल्याला दाखवत असते. तेव्हा उद्या कोणी पिवळे पान दाखवले, तर लगेच पाण्याचा तांब्या उचलू नका. आधी मातीत बोट घालून पाहा.

शब्दार्थ

निदान – लक्षणांवरून कारण ओळखणे (तशखीस)
लक्षण – खूण (अलामत)
शीर – पानातील रेषा, नस (रग)
देठ – पान फांदीला जोडणारा भाग (डंठल)
मलूल – निस्तेज (मुरझाया हुआ)
खापर – फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा (ठीकरा)
जस्त – एक धातू (जस्ता)
झड – सतत पडणारा पाऊस (झडी)
व्यर्थ – उपयोग नसलेले (बेकार)

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पानाला हिरवा रंग कशामुळे येतो?
(आ) 'किताबुल फलाहा' हा ग्रंथ कोणी लिहिला?
(इ) हिराकशीला उर्दूत काय म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) पाणी जास्त झाले, तरी झाड तहानलेले दिसते.
(आ) लोह कमी पडले, तर नवी पाने आधी पिवळी होतात.
(इ) एका वेळी एकच उपाय करावा.

३. फरक सांगा : नत्राची कमतरता आणि लोहाची कमतरता.

४. उपक्रम : घरातील किंवा शाळेतील कुंडीतले एक झाड निवडा. चार आठवडे दर जुम्याला त्याचे निरीक्षण करा. माती ओली की कोरडी, पिवळी पाने जुनी की नवी, शिरांचा रंग कोणता, हे वहीत लिहा आणि आपले निदान वर्गात वाचून दाखवा.